निवांत

'निवांत' कानात बसवल्यापासून वृषाली गायधनी शाळेत एकदाही रडली नव्हती.

त्याआधी ती रडायची. स्टाफरूममागच्या बाथरूममध्ये, नळ सोडून, घाईघाईने, कारण पुढचा तास नववी 'ब'चा असायचा आणि त्या वर्गाला बाईंचे डोळे लाल दिसले तर आठवडाभर विषय पुरायचा. सिन्नरच्या त्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. शिकवण्याचा तिला कधी त्रास झाला नाही. त्रास व्हायचा तो बाकीच्या सगळ्याचा. वेगवेगळ्या ॲपवर भरायची तीच ती हजेरी, खिचडीचे फोटो, पालकांच्या ग्रुपवरचे टोमणे, पटसंख्या घटली तर आपण अतिरिक्त ठरू ही धास्ती. आणि हे सगळं चालू असताना डोक्यात घर. रेवाने डबा खाल्ला असेल का, किशोरची शिफ्ट बदललीय तर स्वयंपाकाचं काय, गॅस सांगायचा राहिला. घरी गेलं की उलटं. कणीक मळताना डोक्यात शाळा.

'निवांत' तयार करणाऱ्या लोकांनी आधी वर्षभर शिक्षकांच्या मनगटाला पट्टे बांधून ताणाचे आलेख काढले होते. पुरुष शिक्षकांचा आलेख शाळा सुटली की उतरणीला लागायचा. बायकांचा घराच्या दारापाशी पुन्हा चढायचा आणि झोपेपर्यंत तसाच राहायचा. प्रशिक्षणाला आलेल्या डॉ. देवयानी शेवडे यांनी तो आलेख पडद्यावर दाखवला, तेव्हा समोर बसलेल्या बायकांपैकी कुणालाच त्यात नवल वाटलं नाही.

"मेंदूत खोलवर बदामाएवढी एक गाठ असते," डॉ. शेवडे म्हणाल्या. "धोका दिसला की ती घंटा वाजवते. मग छाती धडधडते, हात गार पडतात. समोर वाघ आला तरी तीच घंटा, आणि मुख्याध्यापकांचा मेसेज आला तरी तीच."

सगळ्याजणी हसल्या. मुख्याध्यापक बोडके सरही हसले.

"आता या घंटेला आवर घालणारी एक नस आहे, व्हेगस नावाची. मेंदूपासून निघते, हृदयाला, पोटाला जाते. गाडीला ब्रेक असतो तशी. तिचा एक बारीक फाटा कानाच्या खळग्यात अगदी कातडीखाली येतो. तिथे विजेचे हलके ठोके दिले की ब्रेक लागतो. हे कळून खूप वर्षं झाली. 'निवांत'मध्ये नवीन एवढंच, की ते तुम्हाला ओळखायला शिकतं. तुमची नाडी, घाम, आवाजाची पट्टी. काही दिवसांत त्याला कळायला लागतं, की आता घंटा वाजणार. आणि ते तुमच्या आधी ब्रेक लावतं."

हिंदी शिकवणाऱ्या पठाण मॅडमनी हात वर केला. "म्हणजे मला राग येणार आहे हे मला कळायच्या आत तो गेलेला असणार?"

"बरोबर."

"मग रागावण्यासारखं काही घडलं होतं, हे मला कळायचं कसं?"

"विचार करून कळेल," डॉ. शेवडे म्हणाल्या.

पठाण मॅडमनी यंत्र घेतलं नाही. "माझा राग मला लागतो. नववी 'ब' त्याच्यावरच चालते," असं म्हणून त्यांनी डबी परत केली. वृषालीने घेतलं. मक्याच्या दाण्याएवढं होतं ते. कानात बसलं की दिसायचंही नाही.

पहिले दोन-तीन महिने खरंच सुखाचे गेले. वर्गात कुणी शिट्टी मारली तर वृषाली फळ्याकडून वळून शांतपणे त्या मुलाचं नाव घ्यायची. पालक तावातावाने भांडायला आले, तर त्यांचं म्हणणं संपेपर्यंत ऐकून घ्यायची. बाथरूममधला नळ तिला आता फक्त हात धुवायला लागत होता.

अडचण घरी होती. यंत्र शाळेच्या आवारापुरतं चालायचं, फाटकाबाहेर पडलं की बंद. आणि दिवसभर सावलीत बसून एकदम उन्हात यावं तसं घर चटकायचं. दारातल्या चपला, सिंकमधली भांडी, रेवाचं "आई, मला उद्या चार्टपेपर लागणार आहे" हे ऐन झोपताना सांगणं. ती ओरडायची, मग ओरडल्याचं वाईट वाटून गप्प बसायची.

"ते घरीपण चालू ठेवता येत नाही का?" एकदा किशोर म्हणाला. तो माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर होता. माणूस प्रेमळ. बायकोची दगदग त्याला दिसत होती, आणि ती कमी करण्याचे त्याला सुचणारे उपाय सहसा बायकोनेच करायचे असत.

येत होतं. एक संमती द्यावी लागायची, ती वृषालीने दिली. घर शांत झालं. किशोरने शेजाऱ्यांनाही सांगितलं, फार चांगली गोष्ट निघाली म्हणून.

एक गोष्ट मात्र प्रशिक्षणात कुणी विचारली नव्हती. आनंद झाला तरी छाती उडते, हात ओले होतात, आवाज चढतो. यंत्राला भीतीच्या आणि आनंदाच्या उडण्यातला फरक कळत नव्हता. रेवाची जिल्ह्याच्या खो-खो संघात निवड झाली, ती धावत घरी आली, दप्तर न काढताच तिने ते सांगितलं.

"छान," वृषाली म्हणाली. "हातपाय धू."

शाळेतही हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, की गायधनी मॅडम नाही म्हणत नाहीत. पूर्वीही त्या नाही म्हणत नसत, पण तेव्हा त्यांचा चेहरा पडायचा, आणि सांगणाऱ्याला थोडं तरी संकोचल्यासारखं व्हायचं. आता चेहराही पडत नव्हता. मग विज्ञान प्रदर्शन त्यांच्याकडे आलं. शिष्यवृत्तीचे जादा तास आले. रजेवर गेलेल्या बाईंचा वर्ग आला. दिवाळीनंतर दहावीच्या परीक्षा केंद्राचं सगळं काम आलं.

"गायधनी मॅडमना द्या," बोडके सर म्हणायचे. "त्यांना काही वाटत नाही."

ते खरंच होतं.

रेवा आठवीत होती. आईत काहीतरी बदललंय हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, पण ते कुणाला सांगायचं हे कळत नव्हतं, कारण बाकी सगळे खूश होते. तिने आधी छोट्या गोष्टी करून पाहिल्या. गणिताच्या पेपरवर आईची खोटी सही केली आणि पेपर मुद्दाम टेबलावर उघडा ठेवला. वृषालीने तो वाचला, कुठे चुकलं ते समजावून सांगितलं, खाली खरी सही केली. मग रेवाने स्वतःची वेणी कापली. बाथरूममध्ये, शिवणाच्या कात्रीने, वेडीवाकडी. बाहेर येऊन आईसमोर उभी राहिली.

"मागून नीट नाही झालं," वृषाली म्हणाली. "रविवारी पार्लरमध्ये सरळ करून आणू."

"तू रागावली नाहीस?"

"केस वाढतात गं."

"मला तू आवडत नाहीस," रेवा म्हणाली.

"बरं. वाढू का? भात गरम आहे."

डिसेंबरात एका संध्याकाळी रेवा क्लासहून घरी आली नाही. वृषालीने क्लासच्या बाईंना फोन केला. रेवा आज आलीच नव्हती. वृषालीने रेवाच्या नंबरवर फोन लावला, तो बंद होता. तिने मैत्रिणींच्या घरी विचारलं. किशोरला कारखान्यात कळवलं. मग पोलीस ठाण्यात गेली, रेवाचा फोटो दिला, अंगावर काय होतं ते नीट सांगितलं. ठाण्यातल्या बाईंनी तिला पाणी देऊन म्हटलं, "धीर धरा, ताई." ती पाणी प्यायली, कारण तहान लागली होती. नंतर ती घरी आली, कारण रेवा परत आली तर घरी कुणीतरी हवं.

किशोर शिफ्ट सोडून आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती. बसस्टँड, गोंदेश्वराचं देऊळ, शाळेचं मैदान असं सगळं धुंडाळून तो आला होता. दार उघडंच होतं. आत वृषाली टेबलापाशी बसली होती, समोर सराव परीक्षेचा गठ्ठा.

"तू पेपर तपासतेयस?"

"पोलिसांत सांगितलंय. मैत्रिणींकडे विचारलं. फोन बंद आहे," वृषाली म्हणाली. "आता वाट बघण्याशिवाय काही करण्यासारखं नाही, आणि हे उद्या द्यायचेत."

किशोर दाराच्या चौकटीला धरून तिच्याकडे पाहत राहिला, एखाद्या चुकीच्या घरात शिरलेल्या माणसासारखा. मग अंगणात जाऊन पुन्हा रेवाचा नंबर लावायला लागला. वृषालीला त्याचा आवाज ऐकू येत होता. बंद फोनवर तो प्रत्येक वेळी "हॅलो, रेवू?" म्हणत होता.

थोड्या वेळाने त्याचाच फोन वाजला. रेवा होती. संगमनेरच्या बसस्टँडवर बसली होती, एकटी, आणि आता तिला भीती वाटायला लागली होती. किशोर मित्राची गाडी घेऊन निघाला. वृषालीने पोलिसांना कळवलं आणि वरण पुन्हा गरम केलं.

रेवा घरात आली तेव्हा तिचा चेहरा धुळीने भरलेला होता आणि गालावरून रेघा ओघळलेल्या होत्या. ती सरळ आईपुढे आली.

"फोन चालू केला तर बाबांचे इतके मिस्ड कॉल आले, की तो थरथरतच राहिला," ती म्हणाली. "तुझा एक."

"बंद होता ना तुझा फोन. बंद फोनवर पुन्हा पुन्हा करून काय उपयोग?"

"मला माहितीये उपयोग नाही," रेवा म्हणाली. आणि आतल्या खोलीत गेली.

वृषाली तिथेच उभी राहिली. इथे काहीतरी व्हायला हवं होतं, हे तिला कळत होतं. गणितात पुढची पायरी कळते तसं कळत होतं. दाताच्या डॉक्टरने गाल बधिर केल्यावर माणूस जिभेने चाचपून पाहतो, तसं तिने स्वतःला आतून चाचपून पाहिलं. मुलगी हरवली होती. सापडली. दोन्ही वाक्यं सारखीच लागत होती.

तिने कानातून 'निवांत' काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग खुर्चीत बसून वाट पाहिली. आता येईल. भीती, रडू, रेवावरचा राग, काहीही. किशोर झोपायला गेला. काहीच आलं नाही. सकाळी दूध तापवताना नाही, शाळेच्या फाटकातून आत जाताना नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस नाही.

नाशिकला डॉ. शेवडे यांच्याकडे ती एकटीच गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला तारा लावून तपासण्या केल्या.

"घंटा वाजायच्या आत दाबत राहिलं, की ती गाठ हळूहळू वाजवणंच सोडते," त्या म्हणाल्या. "हात बरेच दिवस प्लॅस्टरमध्ये राहिला की बारीक होतो ना, तसं. शाळेच्या वेळेपुरतं असतं तर झालं नसतं. दिवसभर, घरीदारी चालू ठेवायला आम्ही परवानगी द्यायला नको होती."

"परत येईल?"

"यायला हवं. पण कधी, ते खरंच माहीत नाही. यंत्र काढून आलेल्या तुम्ही पहिल्याच आहात."

"बाकीच्या कुणी काढलं नाही?"

"काढावंसं वाटायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं हो," डॉ. शेवडे म्हणाल्या. "तुम्ही कसं काय काढलंत, हेच मला कळत नाहीये."

"विचार करून," वृषाली म्हणाली.

घरी येऊन तिने रेवाला सगळं सांगितलं. ती नस, ती गाठ, घंटा. विज्ञानाची शिक्षिकाच ती, चित्र काढून सांगितलं.

"म्हणजे आत्ता तुला काहीच वाटत नाहीये?" रेवाने विचारलं.

"नाही."

"माझ्याबद्दल पण?"

खोटं बोलता आलं असतं. पण या मुलीने गेले कितीतरी महिने खोटं ओळखण्याचंच काम केलं होतं. "तू माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहेस, हे मला माहीत आहे," वृषाली म्हणाली. "पक्कं माहीत आहे. फक्त ते वाटत नाहीये."

रेवा चित्रातल्या बदामाकडे बघत बसली. तिने पेनने त्याला दोन डोळे काढले.

"मग मी सांगत जाऊ का?" ती म्हणाली. "कधी काय वाटायला पाहिजे ते?"

तसं सुरू झालं. रेवा क्लासहून उशिरा आली, की दारातच म्हणायची, "आई, आत्ता ओरडायचं असतं." वृषाली ओरडायची. "छे," रेवा मान हलवायची, "हे बातम्या दिल्यासारखं वाटतंय." खो-खोचा सामना असला, की वृषाली विचारायची, "किती आनंद?" आणि रेवा हात पसरून दाखवायची. वृषाली रजा टाकून सामन्याला जायची, सगळ्या आया टाळ्या वाजवतात तेव्हा वाजवायची. हसू येत नव्हतं. पण ती तिथे होती, आणि रेवा डाव सुरू होण्याआधी एकदा वळून बघायची.

सामन्यांना जायचं तर वेळ हवा. क्लासला सोडायला-आणायलाही वेळ हवा. वृषालीने एका दुपारी बोडके सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, की शिष्यवृत्तीचे तास, परीक्षा केंद्र आणि रजेवरचा वर्ग हे तिन्ही आता ती करणार नाही.

"असं मध्येच कसं सोडता येईल, मॅडम?" सर म्हणाले. "केंद्राचं काम तोंडावर आलंय."

"म्हणूनच आज सांगतेय."

सरांनी पेन खाली ठेवलं. "पुढच्या वर्षी एक तुकडी कमी होतेय, ठाऊक आहे ना? अतिरिक्तमध्ये नाव गेलं तर समायोजन कुठेही होतं. पार सुरगाण्याला पाठवतील. मुलगी आठवीत आहे तुमची."

हे वाक्य वृषालीच्या ओळखीचं होतं. दर वर्षी या ना त्या रूपात ते यायचं, आणि दर वर्षी तिच्या पोटात खड्डा पडायचा, आणि ती जे असेल ते काम उचलून बाहेर यायची. तिने खड्ड्याची वाट पाहिली. पडला नाही.

"सेवाज्येष्ठतेत माझ्या खाली चौघेजण आहेत, सर," ती म्हणाली. "आणि लागलंच, तर जाईन सुरगाण्याला. मुलीला घेऊन जाईन."

"तुम्ही ते कानातलं काढलंत म्हणे. परत लावा. चिडचिड होतेय तुमची."

"मी चिडलेली नाही," वृषाली म्हणाली. सरांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती खरंच चिडलेली नव्हती. तेच बहुधा त्यांना जड गेलं. ओरडणाऱ्या बाईला शांत करता येतं. वृषालीने तिन्ही कामांच्या किल्ल्या आणि फायली टेबलावर ठेवल्या आणि ती तासाला गेली.

"वृषाली, बाई गं!" तास संपल्यावर स्टाफरूममध्ये पठाण मॅडमनी तिचे हात हातात घेतले. मघाशी त्या केबिनच्या दारापाशीच उभ्या होत्या. "माझी छाती नुसती धडधडत होती बाहेर. आणि तुझे हात बघ, थरथरतसुद्धा नाहीयेत."

"हो ना," वृषाली म्हणाली. ते थरथरले असते तर बरं झालं असतं, असा तिने विचार केला.

तिन्ही कामं सरांनी त्याच आठवड्यात दोघीजणींना वाटून दिली. दोघींच्याही कानात 'निवांत' होतं. दोघीही "बरं" म्हणाल्या.

जानेवारी सरत आला तेव्हाची गोष्ट. रविवारची दुपार होती. किशोर आतल्या खोलीत आडवा झाला होता. वृषाली ओट्यापाशी उभी राहून मटार सोलत होती. रेवा खाली फरशीवर पाय पसरून नखांना रंग लावत होती, आणि जिभेचं टोक दातांत धरून काहीतरी गुणगुणत होती. कापलेले केस आता मानेपर्यंत आले होते. सगळं जिथल्या तिथे होतं.

आणि वृषालीच्या हातातली शेंग खाली पडली.

आधी तिला वाटलं चक्कर आली. पोटातून काहीतरी सरसर वर आलं, कानात ढोल वाजायला लागले, तळहात गार झाले. तिने ओटा धरला. संगमनेरचं बसस्टँड. तिने ते कितीदा तरी पाहिलं होतं. दिवे कमी, मागच्या बाजूला तो अंधारा बोळ, बाकड्यांवर आडवी पडलेली माणसं. त्या बाकड्यावर खो-खोच्या बुटात एक मुलगी. एकटी. फोन बंद करून.

"कुठे बसली होतीस?" वृषाली म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. स्टँडवर. कुठल्या बाकड्यावर?"

रेवाने वर पाहिलं. आईचा चेहरा पांढरा पडला होता. "कोपऱ्यातल्या," ती सावकाश म्हणाली. "चौकशीच्या खिडकीच्या पलीकडे."

"शेजारी कोण होतं? कुणी बोललं का तुझ्याशी? पुरुष होता का कुणी?"

"एक होता. कुठे जायचंय विचारत होता. मग मी उठून दुसरीकडे बसले. आई, झालं ते आता. किती दिवस झाले…"

"विचारत होता?" वृषालीचा आवाज फाटला. तो तिने शिकून घेतलेला आवाज नव्हता. "आणि तू फोन बंद ठेवलास? तुला काही झालं असतं म्हणजे? तुला अक्कल आहे का, रेवा? अंधार पडला होता! मी इथे… मी इथे पेपर तपासत बसले होते गं!"

ती फरशीवर बसली आणि तिने रेवाचा दंड धरला, इतका घट्ट की रेवाच्या नखांचा ओला रंग वृषालीच्या बाहीला लागला. ओट्यावरचे मटार एकेक करत खाली घरंगळत होते. तिचं सगळं अंग हलत होतं आणि ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती, "काही झालं असतं म्हणजे? काही झालं असतं म्हणजे?"

रेवाचा दंड दुखत होता. तिने तो तसाच राहू दिला.

आतून किशोरचा झोपाळलेला, घाबरा आवाज आला, "काय झालं? कोण पडलं?"

"कुणी नाही, बाबा," रेवा ओरडून म्हणाली. तिचेही डोळे आता वाहायला लागले होते. "आई ओरडतेय माझ्यावर!"